रुपीबाई अजून रडली नाही

“पोरी, तुह्या तिकडं सूर्य आमच्याआधी उगवते म्हंते तुहा बाप. मंग सारा वापरून टाकू नको व. थोडा आमच्यासाठी सोडत जाय.”

फोनमधून आलेला हा आवाज प्रियंकाला अगदी लहानपणापासून आठवत होता. आवाज रुपीआत्याचा. आत्या ढाणकीजवळच्या बंजारा तांड्यावर आणि प्रियंका न्यूझीलंडमध्ये. तिथं तिचे बाबा, हरिसिंग, गाईंचे डॉक्टर. आता ती चौदा वर्षांची झाली होती आणि डिसेंबरच्या सुट्टीत आईबाबांबरोबर पहिल्यांदाच तांड्यावर आली होती.

गाडीतून पाय खाली टाकला, तोच एक म्हातारी धावत आली, तिच्या गळ्यात पडली आणि उंच सुरात रडू लागली. “याडी येऽऽ, माय माही येऽऽ…” मग दुसरी. मग तिसरी. कुणाच्या बांगड्या मानेला टोचल्या, कुणाच्या ओढणीवरचे आरसे गालाला लागले. एकीचा सूर खाली येई, तोवर दुसरी तो उचलून धरी. प्रियंकाचा चेहराच उतरला. तिनं खिशातले कागदी रुमाल काढून एकेकीला वाटले आणि हळूच विचारलं, “फार वाईट झालं. कोण वारलं?”

सारा तांडा हसला. रडणाऱ्या बाया तर सगळ्यांत जास्त हसल्या, त्याच रुमालांनी डोळे पुसत.

“कोणी मेलं नाही बेटा,” तांड्याचे प्रमुख, म्हातारे नाईक उत्तमसिंग खाटेवरून म्हणाले. “हा आमचा रामराम हाय. लांबचं माणूस आलं, का बाया त्याच्या गळ्यात पडून अशा गाण्यात रडतेत. काय भोगलं, काय राह्यलं, सारं त्या सुरात सांगून टाकतेत. त्याच्याबिगर माणूस आलं असं आम्ही धरतच नाही.”

प्रियंकानं आजूबाजूला पाहिलं. सगळ्या रडल्या होत्या. एकटी रुपीआत्या तेवढी दारात उभी होती. हातात पाण्याचा तांब्या, डोळे कोरडे.

“हटा व,” ती म्हणत होती, “पोट्टीले आधी पाणी तं पिऊ द्या.”

दुसऱ्या दिवशीही ती रडली नाही. त्यानंतरही नाही. हरभऱ्याचे हिरवे घाटे सोलून तिनं प्रियंकाच्या ओंजळीत घातले. तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडल्या. केसांना तेल लावून घट्ट वेणी घातली. पण गळ्यात पडून रडली काही नाही. प्रियंका तिच्या मागं मागं फिरायची, चुलीपासून गोठ्यापर्यंत.

“आमच्याकडं गाईचं दूध यंत्र काढतं,” गोठ्यात ती म्हणाली.

“अन् यंत्र गाईसंग बोलते का?”

“नाही. पण गोठ्यात गाणी लावतात.”

“मंग बरं हाय,” आत्या म्हणाली आणि उठली.

हीच वेळ, असं वाटून प्रियंकानं दोन्ही हात पसरले. आत्यानं त्यांत दुधाची बादली दिली.

शेजारची मथुराबाई हे सारं पाहत होती. “काय व रुपी, भावाची पोरगी समुद्र ओलांडून आली, अन् तुह्या डोयातलं पाणी काय मोटर लावून उपसलं कोणी?”

“काम पडलं मले. रडत बसू का भाकरी टाकू?”

प्रियंकानं बाबांना विचारलं. “रुसली असेल,” ते म्हणाले, आणि उगाच तुरीच्या वावराकडं पाहत राहिले. मग प्रियंकाला अन्न गोड लागेना. सगळ्या तांड्याकडं ती आली होती. जिच्यासाठी आली, तिच्याकडं मात्र अजून पोचलीच नव्हती. आणि आता परत जायचा दिवस उजाडला होता.

गाडी सुरू झाली होती. आत्या ओट्यावर बसून तुरीच्या डाळीचं गाठोडं बांधत होती. एक गाठ मारायची, सोडायची, पुन्हा मारायची. प्रियंका गेली, मागून तिच्या गळ्यात हात टाकले, आणि इतके दिवस कानावर पडलेला तो सूर लागेल तसा लावला.

“आत्या गंऽऽ, तू घाटे दिलेऽऽ, तू शेंगा दिल्याऽऽ, माझी वेणी घातली गंऽऽ… मी गळा पुढं केलाऽऽ, तू बादली दिली गंऽऽ… सगळ्यांची मी आलेऽऽ, तुझी कधी येऊ गंऽऽ…”

सूर कुठल्या कुठं गेला होता. बायांनी तोंडाला पदर लावले. उत्तमसिंग खाटेवर उठून बसले.

“अव्वा, हे पोट्टी तं आपल्याहून बरी रडून राह्यली!” मथुराबाई म्हणाली, आणि मग कुणालाच आवरलं नाही. आत्याही हसली. हसता हसता वाकली, गाठोड्यावर कपाळ टेकलं, आणि वर पाहिलं तेव्हा तिचे गाल ओले होते.

“हे नाही धरायचं!” मथुराबाई ओरडली. “हे हासण्याचं पाणी हाय!”

बाबांनी चालकाला गाडी बंद करायची खूण केली. आत्या वळली. डाळीची पूड लागलेले हात तिनं प्रियंकाच्या गालांवर ठेवले.

“रुसली नाही व मी,” ती म्हणाली. रडण्याचा सूर अजून लागला नव्हता. “आली म्हणलं, का मंग गेली म्हणा लागते. म्हणून म्हणलंच नाही.”