देणाऱ्याचं नाव

“बाई, ते खोकल्याचं कडवं गाळा,” सिगारेट कंपनीचे चौबळसाहेब म्हणाले. शाळेतल्या पोरांनी सिगारेट ओढू नये म्हणून कंपनीनंच हौसाबाईचं भारूड ठेवलं होतं. “त्यापेक्षा म्हणा, ही मोठ्यांची गंमत, मिसरूड फुटेस्तोवर धीर धरा.”

“अगं बया! विंचवानं नांगी झाकायची अन् पोरांना म्हणायचं, जपून चाला!”

“वर्षभराचे कार्यक्रम द्यायचेत, बाई. विचार करा.”

विचार काय करायचा? ढोलकीवर तिचे मालक, दगडूनाना. जन्मभर ह्याच कंपनीच्या सिगारेटी ओढून त्यांच्या छातीचा भाता झालेला, आणि औषध ह्या कार्यक्रमांतूनच यायचं होतं. तिनं पोरांना आपल्या मागून तेच म्हणत झील धरायला शिकवलं आणि सांगितलं तसं गायली. ‘मोठ्यांची गंमत’ म्हणताच पोरं ओठांवरून बोट फिरवून मिसरूड चाचपू लागली. हौसाबाईनं वळून नानांकडं पाहिलं.

शेवटी देणाऱ्याचं नाव घेऊन त्यानं काय काय दिलं ते गायची तिच्या फडाची रीत. साहेब टाय सावरून उभे राहिले. हौसाबाईनं पदर खोचला.

“कंपनीनं शाळेला पंखा, दिली मला शाल,
धन्याला काय दिलं, ऐका त्याचा ताल!”

नानांनी ढोलकी थांबवली आणि सकाळपासून दाबून धरलेला खोकला मोकळा सोडला.

पोरांनी झील धरली. सगळी शाळा खोकली.