फाटकवाल्याची खोली

स्टेशनच्या शंभरीसाठी तिने पुठ्ठ्याचं हुबेहूब स्टेशन उभं केलं होतं. कापलेली पांढरी कड दिसू नये म्हणून घडीघडीवर रंगाचा हात फिरवला होता. साहेब 'वा, वा' करत मॉडेलभोवती फिरले आणि स्टेशनला खेटून असलेल्या काड्यापेटीएवढ्या खोलीपाशी दाताखाली खडा आल्यासारखे थांबले.

“ही फाटकवाल्याची खोली ना? ती तर आपण पार्किंगसाठी कधीच पाडली. पाहुणे विचारत बसतील, नसतं लचांड! उपटून टाका.”

“मी नाही हात लावणार. तुम्हीच उपटा.”

साहेबांनी खोली चिमटीत धरून ओढली. तिच्यामागोमाग तिकीटखिडकीची भिंत उचलली गेली आणि अख्खं छप्पर करकरलं. चटका बसल्यासारखा त्यांनी हात मागे घेतला.

“अहो, हे काय करून ठेवलंय?”

“माझ्या बाबांची खोली स्टेशनपासून वेगळी होती, म्हणून तुम्हाला पाडता आली,” ती ब्रश धूत म्हणाली. “या खेपेला दोन्ही एकाच पुठ्ठ्यातून कापलीत.”