दोन घावांचं पिंप

वरच्या वस्तीच्या ट्राउड पिओन्टेकने मोगरी हातात घेतली, तेव्हा खालच्या वस्तीची मंडळी हातगाडीला फुलं बांधून, बाह्या सरसावून समोर उभी होती.

गाडी पिंप न्यायला आणली होती. रिवाजच तसा. जत्रेतलं बिअरचं पहिलं पिंप वरच्या वस्तीने मोगरीच्या दोन घावांत तोटी ठोकून उघडायचं. तिसरा घाव पडला की पिंप खालच्यांचं, आणि वर्षभराचे टोमणेही त्यांचेच. दोनच का, हे इथे कुणी विचारत नाही. खाणीत माणसं वर-खाली नेणाऱ्या पिंजऱ्याला घंटेचा एक टोल म्हणजे थांब, तीन म्हणजे खाली सोड, आणि दोन म्हणजे वर ओढ. पाळी संपली, माणसं घरी निघाली.

ती घंटा ट्राउडच्या नवऱ्याने, अल्फोन्सने, अठ्ठावीस वर्षं तळाशी उभं राहून वाजवली होती. खाण बंद झाल्यावर पिंपही दर साली त्यानेच उघडलं, आणि तिसरा घाव कधी पडू दिला नाही. या जानेवारीत त्याला झटका आला नि उजवा हात लुळा पडला. आता तो चाकांच्या खुर्चीत, खाणकामगारांच्या काळ्या गणवेशात, मांडीवर खाणीतली जुनी घंटा घेऊन मंडपाशी बसला होता. सकाळी त्याची पितळी बटणं ट्राउडनेच लावली होती.

"लोक मला हसले तर चालेल," तेव्हा तो म्हणाला होता. "तुला हसलेले मला बघवणार नाहीत."

"मग डोळे मिटून बस," ती म्हणाली होती.

बाईने मोगरी उचलल्याचं इथे कुणाच्या आजोबांनीही पाहिलं नव्हतं.

"आजीबाई!" खालच्या वस्तीचा ड्रोस्डेक ओरडला. "मोगरी जड झाली तर सांगा हो, लाटणं मागवतो!"

"तुझ्या बायकोचंच मागव," ट्राउड म्हणाली. "एव्हाना तुझ्या टाळक्याच्या मापाचं झालं असेल ते."

बँडवाल्यांनाही हसू आवरेना. ट्राउड मात्र हसली नाही. ईस्टरपासून ती तळघरात कोबी आंबवायच्या जुन्या पिंपावर सराव करत होती, आणि रोज तिसरा घाव लागत होता. एकदाही चुकला नव्हता मेला.

तिने तोटी भोकावर धरली आणि मोगरी हाणली.

तोटी बसली, पण तिरकी. फेसाची चिळकांडी थेट तिच्या चष्म्यावर उडाली.

"एक!" खालचे सगळे एका सुरात ओरडले. ड्रोस्डेकने गाडीचा दांडा उचललासुद्धा.

ट्राउडने बाहीनेच काचा पुसल्या. बिअर वाहतच होती.

"ट्राउड," मागून अल्फोन्स हळूच म्हणाला. "खांद्यातून नको. कमरेतून घाल."

तिने डावा पाय मागे घेतला, मोगरी उचलली आणि सगळं अंग त्या घावात घातलं.

ठक्क. चिळकांडी थांबली. तिने तोटी फिरवली, पेला भरला, आणि पिंपाबाहेर आता थेंबही सांडला नाही. वरच्या वस्तीने अशी काही आरोळी ठोकली की झोपाळ्यांवरची माणसंही वाकून पाहू लागली. ट्राउडला उड्या माराव्याशा वाटत होत्या. गुडघ्यांनी परवानगी दिली असती तर तिने मारल्याही असत्या.

भरलेला पेला तिने अल्फोन्सच्या डाव्या हातात दिला. त्याच्या मिशा भिजल्या होत्या, आणि पेला अजून ओठालाही लागला नव्हता.

"तळघरात तर रोज तिसरा लागायचा तुला," तो म्हणाला.

"तुला काय ठाऊक?"

"ईस्टरपासून वर पडून मोजतोय. एवढा कोबी कुणी बडवतं होय?"

"मग बोलला का नाहीस रे, घुम्या?"

"बोललो असतो तर सोडलं असतंस?"

"नाही."

"मग."

ट्राउड वळली. "ड्रोस्डेक! फुलं वाया जातील की रे तुझी."

चौघांनी अल्फोन्सला खुर्चीसकट उचललं आणि त्या सजवलेल्या गाडीत ठेवलं. ड्रोस्डेक पुढे झाला. त्याने दांडा धरला आणि तसाच उभा राहिला. समोर वरच्या वस्तीची चढण होती.

"ओढ की, हात गळाले का?" कुणीतरी ओरडलं.

"खुणेशिवाय?" ड्रोस्डेक म्हणाला. त्यानेही बावीस वर्षं खाणीच्या तळात काढली होती.

अल्फोन्सने डाव्या हाताने घंटा उचलली. दोन टोल दिले.

गाडी वर निघाली.