सोमवारचा आडोसा

अलेप्पीला नावेत तीन तास बसायचं की पाच, एवढंच आता ठरायचं राहिलं होतं.

"पाच," तेजराम म्हणाले. ते बालाघाट स्टेशनच्या मालगोदामात बाबू होते आणि वजनकाट्याला टेकून बोलायची त्यांची रीत होती. "तीन तासांत काय होते? दोन्हीकून नारळाची झाडं, मधातून नाव. मी तर नावेच्या टोकावर बसतो, पाय पाण्यात सोडून. अन् समुद्रात छातीभर पाण्यात जाऊन उभा राहतो."

नावेचं टोक आणि छातीभर पाणी हे यंदाच नवं होतं. तिकीट खिडकीवरचा भैयालाल चहा फुंकत ऐकत होता. "दादा, बारा साल से सुन रहा हूँ. यंदा तरी जा न."

तेजरामांनी सुस्कारा सोडला. "माह्या हातात असतं तर कवाच गेलो असतो. पण घरचे सोमवार."

ते सोमवार सगळ्या स्टेशनाला ठाऊक होते. तेजरामांची बायको पुष्पलताबाई बारा वर्षं सोमवार धरत होती, आणि तेही साधेसुधे नाहीत. दर सोमवारी पहाटे वैनगंगेचं पाणी आणून घाटावरच्या त्याच एका पिंडीवर घालायचं, दिवसभर निरंकार राहायचं आणि संध्याकाळी आपल्याच चुलीवरचं एकदा जेवायचं. म्हणजे सोमवारी गाव सोडायची सोयच नव्हती. मंगळवारी निघून रविवारी परत, असे सहाच दिवस हाती. आधी छोट्या गाडीनं गोंदिया, तिथून नागपूर, मग मद्रास, मग केरळ. नुसतं जायलाच तीन दिवस. केरळात पाय टेकवून तसंच वळावं लागेल, हे तेजरामांनी वेळापत्रक उघडून कितीदा तरी सिद्ध केलं होतं.

गेल्या साली भैयालालनं अशी एक गाडी शोधून काढली की शुक्रवारचा अख्खा दिवस मोकळा मिळत होता. तेजरामांना दोन दिवस घास गेला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना वेळापत्रकात गोंदियापाशी पळवाट सापडली. परतीची मेल पोचायच्या अकरा मिनिटं आधी रविवारची शेवटची छोटी गाडी सुटून जात होती. त्या संध्याकाळी त्यांनी देवापुढे पेढे ठेवले.

कारण तेजरामांना पाण्याची भीती होती.

भीती अशी, की पाणी गुडघ्याला लागलं की कानात शिट्टी वाजायची. नदीवर गेले तर ते पायरीवर बसून लोट्यानं अंघोळ करत. लोक म्हणत, शिस्तीचा माणूस. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण हे त्यांनी बायकोला कळू दिलं नव्हतं. फुकटचा पास असून रेल्वेचा बाबू घरात बसतो, असं कोणी म्हणू नये म्हणून दरसाल बेत आखायचा, आणि सोमवार आडवे आले की बायकोच्या भक्तीचं कौतुक करून मोकळं व्हायचं. असा आडोसा देव कितीजणांना देतो?

सोमवार कशासाठी धरले, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मागणं बोलून दाखवलं की फळत नाही, एवढं त्यांनाही कळत होतं.

माघात पास आला. रिवाजाप्रमाणे तेजरामांनी तो घरी आणून देवळीत ठेवला आणि पुष्पलताबाईनं त्याला हळदकुंकू वाहिलं. मुदत संपली की तेजराम तो कुंकवासकट परत करत. साहेबांनाही आता सवय झाली होती.

"पास तर आला," ते म्हणाले. "पण तुहे सोमवार…"

पुष्पलताबाई वाती वळत होती. "कवा निघा लागते?"

"मंगळवारी. पण मंगळवारी निघून रविवारी…"

"सोमवारीच निघू."

तेजराम खाली बसले. "अन् पिंडीवरचं पाणी?"

"सरले सोमवार."

"असे कसे सरले? बारा वर्षांचं पुण्य मधातच सोडते का कोणी? मी तुह्या व्रताच्या आड नाही येत. चार-पाच वर्षं अजून कर. माह्यं काय, मी दम धरतो."

"आड काहून येता तुम्ही," ती मऊ आवाजात म्हणाली. "महादेव पावला."

"अन् एकादशी?"

"ते गाडीत बसूनही करता येते. शेंगदाण्याचे लाडू बांधून ठेवले."

"तिकडे सारं खोबऱ्याचं खातात."

"खोबरं उपासाले चालते."

तेजरामांनी अंगावरचं उपरणं काढून घाम पुसला. "पण पावला म्हणजे काय? मागणं पुरं झालं का, नीट पाह्यलं का तू?"

"हौ. आता सांगाले हरकत नाही." तिनं वाती ताटलीत लावून ठेवल्या. "लग्नाच्या साली घाटावर तुम्ही लोट्यानं अंघोळ करून राह्यलते, तवाच मले समजलं. तुम्हाले वाईट वाटन म्हणून बोलली नाही. मग बारा वर्षांमागं तुम्ही केरळाचं नाव काढलं. मलेही समुद्र पाहाचा होता. त्याच सोमवारी व्रत धरलं, तुमची पाण्याची भीती जावी म्हणून."

तिनं वातींची ताटली देवळीत सरकवली.

"काल भैयालालच्या घरची चंपाबाई आलती. नावेच्या टोकावर बसतो म्हणता, छातीभर पाण्यात उभा राहतो म्हणता. मले तर रडूच आलं."

तिनं देवळीतला नारळ उचलला आणि दोन्ही हातांनी नवऱ्याच्या ओंजळीत ठेवला.

"तुमच्या हातानं हा समुद्रात सोडाचा, असा नवस हाय. मी तर कंबरभर पाण्याचाच बोलली होती," ती म्हणाली, "पण तुमची हौस छातीभराची हाय, तर तसंच करू."