उजवीकडचं वळण

धप्. धप्. धप्.

कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीतून आवाज आला. रात्रीच्या जेवणासाठी कुणी मांस बडवत होतं. गल्ली इतकी चिडीचूप होती, की रस्त्याच्या कडेला बसलेली इबोया दचकली. तिची बोटं डाव्या घोट्यावरच्या पट्टीशी खटपट करत होती. वेळ मोजणारी पट्टी. ती सोडवून पुढे चौकाच्या कोपऱ्यावर खुर्ची टाकून बसलेल्या शर्यतीच्या बाईंच्या हातात दिली, की शर्यत सोडली. मग सकाळचं तळ्यातलं पोहणं, दुपारभरची सायकल, धावण्याचे गावाभोवतीचे जवळजवळ तीन फेरे, काही म्हणजे काही जमेस धरत नाहीत.

पट्टी अर्धी निघाली होती.

"आई?"

इबोयाची बोटं झटकन बुटावर गेली. मागे तिची लेक उभी होती, दाल्मा. सव्वीस वर्षांची, घामानं निथळणारी, उन्हासाठीच्या पांढऱ्या बाह्या पार बोटांपर्यंत ओढलेली.

"काय झालं?"

"काय व्हायचंय? नाडी बांधतेय. आणि तू कुठे होतीस इतका वेळ?"

"मागे होते."

"मागे! तुझ्या वयाची मी असते तर." इबोया गुडघ्यावर हात टेकून उठली. "चल. बघत काय उभी राहिलीस?"

दाल्मानं एकदा आईच्या बुटांकडे पाहिलं आणि ती चालू लागली. मग दोघी हळूहळू धावू लागल्या.

गेल्या वर्षी त्याच कोपऱ्यावर, अशाच तिसऱ्या फेरीत दाल्मानं पट्टी सोडून दिली होती. पोट बिघडलं म्हणाली. तेव्हापासून वर्षभर इबोयानं त्या पोटाचा उद्धार केला. नाताळात, माशाचं सूप वाढता वाढता, सगळ्या नातेवाइकांसमोर तिनं जाहीर केलं, "पुढच्या वर्षी मीच उतरते हिच्याबरोबर. माझ्या डोळ्यांदेखत कशी सोडते ते बघू." शाळेतल्या मुलांना पोहायला शिकवणारी बाई ती, बोलली ते करून दाखवलं. आता पायांचे गोळे दगड झाले होते, पण तोंड थकलं नव्हतं.

"पाय उचल. फरशी पुसतेयस का?"

"हो आई."

"आणि त्या बाह्या काढ आता. ऊन उतरलं. हाताला पट्ट्या बांधल्यासारखी दिसतेस."

"राहू दे."

इबोयानं स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. गावाच्या पलीकडच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी, दर फेरीला एक मुलगी हातात कापडी रबर चढवायची. पिवळं, लाल, निळं. अजून हिरवं राहिलं होतं. चार झाली की चौकातल्या फाट्यावर उजवीकडे वळायचं, लाल गालिच्यावर, बँडच्या आवाजात. तोवर डावीकडे.

चौकातला भोंगा खरखरला. "महिलांमध्ये तिसरी येतेय! आत्ता दिसेल बघा! हाय्रा, हाय्रा!"

‘हाय्रा’चा गजर करत लोक तिला जोर द्यायला टाळ्या पिटू लागले.

"ऐकलंस?" इबोया धापा टाकत म्हणाली. "कुणाची तरी लेक तिसरी येतेय. तिची आई बसली असेल सावलीत, हातात थंडगार वाइन-सोडा घेऊन. आणि आमचं नशीब बघा. आईच्या कडेवर बसून शर्यत."

"आई, श्वास घे."

"तू मला शिकवू नकोस श्वास घ्यायला!"

फाटा आला. झेंडेवाला मुलगा जोरजोरात उजवीकडे हात करत होता. दाल्मानं त्याच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. तो आणखी जोरात ओरडला.

"काय म्हणतोय?"

"हाय्रा म्हणतोय."

खुर्चीतल्या बाई इबोयाकडे पाहून उठू लागल्या. इबोयाचे पाय एक क्षण अडखळले. बाजूला लेक होती. इबोयानं दात आवळले आणि ती डावीकडे वळली. दाल्माही वळली.

पहिल्याच फाटकाशी लात्सीकाका बागेचा पाइप घेऊन उभे होते, दरवर्षीसारखे. "या गं पोरींनो! भाजलेल्या दिसताय!" आणि त्यांनी दोघींवर फवारा सोडला.

इबोया थंडगार पाण्यानं किंचाळली, हसली, आणि तिनं लेकीकडे पाहिलं. ओली बाही दंडापासून मनगटापर्यंत चिकटली होती. खालचे रंग आरपार दिसत होते. पिवळा. लाल. निळा.

हिरवा.

इबोया थांबली. भोंग्यावरचा माणूसही गोंधळला होता. "तिसरी... जरा वाट पाहू या... कुठे गेली बुवा?"

"गाढवे!" इबोयाचा आवाज चिरकला. "ती तूच! तुझे चार झालेत! फिर मागे, पळ!"

"उलट धावलं की बाद करतात. तूच शिकवलंयस."

"अगं, स्टेजवर उभी राहिली असतीस! आयुष्यात पहिल्यांदा! वर्षभर पहाटे उठलीस ती काय माझ्यामागे रेंगाळायला? मी मागितली होती तुझी सोबत? सांग ना!"

चौकात एकदम टाळ्या कडाडल्या. कुणाची तरी लेक तिसरी आली.

दाल्मानं त्या दिशेला पाहिलं. मग ती खाली वाकली, आईच्या घोट्यावरची लोंबकळणारी पट्टी तिनं नीट गुंडाळली आणि तळहातानं दाबून चिकटवली.

"आपल्या दोघींच्या बुटांना रबरी नाड्या आहेत आई," ती खालूनच म्हणाली. "त्या बांधाव्या लागत नाहीत."

इबोयानं आपल्या बुटांकडे पाहिलं. लात्सीकाकांच्या पाइपातलं पाणी दोघींच्या पायांशी वाहत होतं.

दाल्मानं मान वर केली.

"मी उजवीकडे वळले असते, तर तू डावीकडे वळली असतीस?"