शेजारी शेजारी

“संगणकावर दोन्ही सिस्टीम शेजारी शेजारी राहतील. जुनीही राहील, नवीही राहील. तुझ्या मापांना धक्कासुद्धा लागणार नाही. करू ना?” सरांनी विचारलं आणि बटण दाबलं.

बायकोच्या तोंडात चार टाचण्या होत्या. ती कोटाची बाही टाचत होती. तिनं हात वर केला, एकेक टाचणी काढून शिवणाच्या छोट्या उशीत खोचली. तोंड मोकळं होईपर्यंत पडद्यावरची निळी पट्टी अर्ध्यावर आली होती. सरांना बरं वाटलं. नाही म्हणाली नाही म्हणजे हो, असा त्यांचा तीस वर्षांचा समज होता.

सर निवृत्त आरेखक होते. रोज सकाळी वाचनालयात ज्येष्ठांना संगणक शिकवायचे. “घाबरू नका, मशीन तुमचा नोकर आहे,” हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. नवी ऑपरेटिंग सिस्टीम आपण घरी बसवली आहे, असंही त्यांनी गेल्या आठवड्यात वर्गात सांगून टाकलं होतं. त्यामुळे आता ती बसवणं भाग होतं. जुन्या सिस्टीमवर बायकोचं शिवणकाम होतं. तीनशे गिऱ्हाइकांच्या छात्या, कंबरा, खांदे. शिवाय एका शाळेच्या वाद्यवृंदाचे चाळीस कोट, ते शनिवारी द्यायचे होते.

काम झालं. संगणक पुन्हा सुरू करा, असं पडद्यावर आलं. सरांनी तो सुरू केला आणि ते चहा टाकायला गेले. संगणक जुना. जागा व्हायला चार-पाच मिनिटं घ्यायचा. बटण दाबायचं आणि चहा टाकायचा, ही सवय हाडात मुरलेली. दोन कप घेऊन ते परत आले, तर नवी सिस्टीम हजर होती. जुनी कुठेच नव्हती.

सरांनी संगणक बंद केला, पुन्हा चालू केला आणि ते पाणी प्यायला गेले. आले तर नवीच. तिसऱ्यांदा बटण दाबून ते पडद्याकडे पाठ करून खिडकीशी उभे राहिले, कारण बघवत नव्हतं. वळले तर पुन्हा नवीच. नव्या सिस्टीममध्ये डिस्कच्या नावाच्या जागी नुसते आकडे दिसत होते. त्यांना हात लावायची हिंमत आता उरली नव्हती. बायकोचा कप शिवणयंत्राशेजारी गार होत होता.

“मशीन स्थिरावतंय, दोन दिवस हात लावू नकोस,” असं सांगून ती काय म्हणते ते ऐकायच्या आत सर खोलीबाहेर पडले.

पुढचे तीन दिवस वाईट गेले. सकाळी वर्गात “घाबरू नका” म्हणताना त्यांना स्वतःचंच हसू यायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! दुपारी बायको आत पडली की टेप घेऊन टांगलेले तयार कोट मोजायचे आणि वहीत मापं उतरवायचे. खांदा कुठे संपतो आणि बाही कुठे सुरू होते, हे आयुष्यभर रेघा मारूनही त्यांना कळेना. बेकरीवालेही बायकोचं गिऱ्हाईक, म्हणून एकदा पाव घेताना त्यांनी धीर करून विचारलं, “तुमची कंबर किती?”

बेकरीवाले चपापले. “वहिनींना ठाऊक आहे. कालच म्हणाल्या, मागच्या वेळेपेक्षा दोन इंच वाढलीय.”

धन्य तिची स्मरणशक्ती, असं म्हणत सर घरी आले. बायको शांतपणे कोट बेतत होती. थोडीफार मापं कागदावर उतरवलेली असतील, ती संपली की आपलं भांडं फुटणार. नसती उठाठेव करून तिची बावीस वर्षांची मेहनत आपण मातीत घातली. गुरुवारी त्यांना राहवेना.

“तुझी सगळी मापं गेली,” ते म्हणाले. “मीच पुसली. जुनी सिस्टीम गेली. वर्गात फुशारकी मारली होती ना, म्हणून केलं सगळं. गाढव आहे मी.”

तिच्या तोंडात टाचण्या होत्या. सर दाराला टेकून उभे राहिले. तिनं एकेक टाचणी काढली.

“कुठे गेलीय? तुम्ही वाचनालयात गेलात की मी रोज तिच्यावरच तर काम करते.”

“पण ती दिसतच नाही!”

“बटण दाबलं की काळा पडदा येतो. त्यावर दोन नावं असतात. कुठली उघडू, असं विचारतो आणि दहा सेकंद वाट बघतो. कोणी काही सांगितलं नाही की तुमची उघडतो.”

“मग मला कसा नाही दिसला?”

“तुम्ही असता कुठे तिथे?” बायको म्हणाली. “मला मात्र आवडला हं तो पडदा. विचारल्यावर दहा सेकंद थांबतो तरी.”

सर खाली बसले. मापं शाबूत होती, त्यामुळे त्यांना रडू येण्याइतका आनंद झाला होता. आणि लाजही तितकीच वाटत होती. काहीतरी करायला हवं होतं, आणि त्यांना एकच गोष्ट नीट जमत होती.

“चहा टाकू?” त्यांनी विचारलं.

तिनं पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या होत्या. सर उठून निघालेच होते, पण दारात थांबले. मनात आकडे मोजू लागले. दहा झाले, अकरा झाले. बाही टाचून झाली. चोविसाव्याला शेवटची टाचणी उशीत गेली.

“कॉफी,” ती म्हणाली. “चहा मला कधी आवडलाच नाही.”