फुग्याची दाढी

माणसानं हात मोडून घ्यावा, पण त्याचा थाट करू नये. वस्तादांनी थाट मांडला होता. प्लॅस्टर निघालं, टाके निघाले, आत बसवलेली पट्टी हाडाशी गुण्यागोविंदानं नांदायला लागली, तरी उजवा हात आपला छातीशी धरलेला, तान्हं मूल झोपवावं तसा. बटणं कोणीतरी लावायची, घास कोणीतरी भरवायचा. आणि कोणी विचारलं, "कसं आहे?" की एक लांबलचक सुस्कारा.

"आणि आज सकाळी काय म्हणाले, ऐक," वस्तादीणबाई दवाखान्यात व्यायाम करवून घेणाऱ्या पोरीला सांगत होत्या. "म्हणे, उद्यापासून दुकानातली खुर्ची धाकट्या पोराची. हे वस्तऱ्याला पुन्हा हात लावणार नाहीत! अख्ख्या गल्लीच्या दाढ्या केलेला माणूस, आता दारात बसून माश्या मारणार."

वस्ताद छताकडे बघत राहिले. पोरीनं त्यांचं मनगट धरून तळवा वर केला, खाली केला. सुरळीत वळलं.

"आता तुम्ही करा, काका."

वस्तादांनी ओठ आवळले, कपाळाला आठ्या घातल्या. मनगट अर्ध्यावर आलं आणि रुसलेल्या जावयासारखं अडून बसलं.

"हाड छान जुळलंय," पोरगी म्हणाली. "मी वळवलं की वळतं, तुम्ही वळवलं की नाही. आता दुखणं कमी आणि भीती जास्त आहे, काका."

"भीती कसली? उद्या कोणाचा गळा कापला गेला म्हणजे?"

"मग भीती आणखी वेगळी कशी असते हो?" असं म्हणून बाईंनी पिशवी उघडली. साबण, ब्रश, वाटी, घडीचा वस्तरा आणि लाल फुगे. "पहिल्यांदा फुग्यावरच शिकला होतात ना? मग घ्या पुन्हा."

पोरीला गंमत वाटली. तिनं फुगा फुगवून दोन्ही हातांत धरला. वस्तादांनी नाइलाजानं फेस लावला, वस्तरा टेकवला.

फट्!

पलीकडच्या खाटेवर गुडघ्याचं ऑपरेशन झालेले एक गृहस्थ पडले होते. ते आवाजासरशी उठले आणि थेट दारापर्यंत गेले. वॉकर खाटेपाशीच राहिला.

"चला, कोणाला तरी गुण आला," बाई म्हणाल्या. "दुसरा फुगव."

दुसरा फुगा टिकला. फेस उतरत गेला, खाली लालभडक गाल चकाकू लागला. दारातून गुडघेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. वस्तादांनी मात्र वस्तरा मिटून ठेवला.

"फुग्याला रक्त नसतं," ते हळूच म्हणाले.

बाई उठल्या. त्यांनी स्टूल ओढून खिडकीपाशी घेतलं, गळ्याभोवती टॉवेल खोचला आणि हनुवटी वर करून बसल्या.

"हे काय?"

"चार केस आहेत हनुवटीवर. इतकी वर्षं तुम्ही बघून न बघितल्यासारखं करता, मला कळत नाही होय? काढा."

वस्ताद गोरेमोरे झाले. "अगं, चारचौघांत?"

"लाज मला वाटायला हवी. तुम्ही कशाला लाजताय?"

"काकू, इथे नको हो," पोरगी घाबरली. "रक्त आलं तर माझी नोकरी जाईल!"

"रक्त माझं, नवरा माझा. तू फक्त उजेडातून बाजूला हो."

वस्तादांनी ब्रश उचलला. फेस लागला. डाव्या हाताच्या दोन बोटांनी त्यांनी बायकोचा चेहरा खिडकीकडे वळवला.

"हलू नकोस," ते म्हणाले. हुकूम होता. दुकानातला आवाज, हात मोडल्या दिवसापासून कोणी न ऐकलेला.

बाई, ज्या आयुष्यात कोणाच्या सांगण्यावरून गप्प बसल्या नव्हत्या, श्वास रोखून बसल्या.

वस्तरा हनुवटीवरून उतरला. मग जबड्याखाली गेला, तिथं तळवा पुरता वर करावा लागतो. मनगट वळलं. अडलं नाही की कोणाला विचारलं नाही. पोरीनं कोन मोजायची पट्टी उचलली, आणि न मोजताच परत ठेवली. वस्तादांना पत्ताच नव्हता. ते पातं पुसत सवयीनं विचारत होते, "तुरटी लावू?"

रक्ताचा टिपूस नव्हता. बाईंनी हनुवटीवरून बोट फिरवलं. पुन्हा एकदा, उलट दिशेनं. पोरीकडे बघितलं, गुडघेवाल्यांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"एक राहिलाय," त्या म्हणाल्या. "हाताला काहीएक झालेलं नाही तुमच्या. उद्या दुकान उघडायच्या आधी डोळे तेवढे तपासून घ्या."